ऑरलँडोला निघालात? राइडच्या पासाचे नियम बदललेत, या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी असणं ही आता नवलाई राहिलेली नाही. भुसावळचा पारा चढायला लागला की आप्पा-जिजी तिकडे निघतात, आणि घरात नातवंडं असली की ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड ठरलेलंच. व्हिसा, विमान, लोणच्याची बरणी, सगळं व्यवस्थित पार पडतं. घोळ होतो तो राइडच्या वेळा राखून ठेवताना. कारण सल्ला घेतलेला असतो कधीकाळी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा, आणि मधल्या काळात नियम पार बदललेले असतात.

थोडक्यात सांगतो. १९९९ मध्ये तिथे फास्टपास, म्हणजे लांब रांग टाळून जलद रांगेतून राइडवर नेणारा पास, सुरू झाला तेव्हा तो फुकट होता. मशीनमधून कागदी चिठ्ठी निघायची आणि तिच्यावरच्या वेळेला यायचं. पुढे हेच काम मोबाइलवर गेलं. २०२० मध्ये करोनामुळे पार्क बंद झाले, आणि उघडले तेव्हा फास्टपास परत आला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये पैसे मोजून घ्यायचा जिनी प्लस आला. त्यात वेळ त्याच दिवशी सकाळी धरावी लागायची. २४ जुलै २०२४ पासून तोही गेला आणि लाइटनिंग लेन मल्टी पास व सिंगल पास ही जोडी आली. यात वेळा काही दिवस आधी घेता येतात. तेव्हा यूट्यूबवर कुणी ‘जिनी प्लस कसं वापरायचं’ हे समजावून सांगत असेल, तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा.

पास म्हणजे पार्कचं तिकीट नव्हे

पार्कमध्ये शिरण्याचं तिकीट वेगळं, पास वेगळा आणि राइडची वेळ वेगळी. मल्टी पासाचे पैसे भरलेत म्हणून कुठल्याही राइडच्या जलद रांगेत कधीही घुसता येत नाही. पास घेताना एकाच पार्कमधल्या तीन राइड निवडायच्या असतात आणि प्रत्येकीला साधारण तासाभराची खिडकी मिळते. तेवढ्या वेळात पोहोचलं पाहिजे. मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या डिस्ने वर्ल्डमधल्या पार्कांत राइडचे दोन गट केलेत: मोठ्या मागणीच्या गटातून एक, उरलेल्यांतून दोन. ॲनिमल किंगडममध्ये ही गटबाजी नाही.

मल्टी पासात एक राइड दिवसातून एकदाच. नातवाला पीटर पॅन दुसऱ्यांदा हवं असेल, तर साध्या रांगेत उभं राहण्याची तयारी ठेवा.

आणि सगळ्यात गाजलेल्या राइड मल्टी पासात नसतातच. मॅजिक किंगडममधली ट्रॉन, एपकॉटमधली कॉस्मिक रिवाइंड, हॉलिवूड स्टुडिओजमधली राइज ऑफ द रेझिस्टन्स, ॲनिमल किंगडममधली फ्लाइट ऑफ पॅसेज यांना सिंगल पास लागतो. तो एकेका राइडपुरता विकत घ्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त दोन. ‘एवढे डॉलर भरले, तरी ही राइड का दिसत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

घड्याळ त्यांचं, आपलं नव्हे

हा भाग नीट वाचा, कारण सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणार असाल, तर मुक्कामाच्या सात दिवस आधी बुकिंग उघडतं, आणि तेही पूर्ण मुक्कामासाठी, चौदा दिवसांपर्यंत. बाहेर उतरणाऱ्यांना पार्कच्या दिवसाच्या तीनच दिवस आधी. वेळ सकाळी सातची, पण फ्लोरिडाची सकाळ. मुलगा डॅलसला असेल तर त्याच्याकडे सहा वाजलेले असतात, कॅलिफोर्नियात असेल तर पहाटेचे चार. आणि जळगावात? उन्हाळ्यात दुपारचे साडेचार.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: मुलाला पहाटे चारला उठवण्यापेक्षा बुकिंगचं काम इकडे राहणाऱ्या भावाकडे द्या. साडेचारला चहा घेत बसायचं आणि घड्याळ पाहत बोट तयार ठेवायचं. तत्काळ तिकीट काढायची सवय असलेल्या भुसावळकराला हे शिकवायला नको. फक्त दोन गोष्टी आदल्या दिवशी उरकून घ्या. नव्या फोनवरून डिस्नेच्या ॲपमध्ये लॉगिन केलं की खात्याच्या मालकाच्या ईमेलवर कोड जाऊ शकतो, तेव्हा लॉगिन आधीच करून ठेवा. नाहीतर मुलगा झोपलेला आणि कोड त्याच्या इनबॉक्समध्ये. दुसरं, कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का आणि मर्यादा किती आहे, ते बँकेच्या ॲपमध्ये पाहून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतलं घड्याळ एक तास मागे जातं. त्यानंतर हेच बुकिंग आपल्याकडे साडेपाचला उघडतं, ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. साडेचारला बसून ‘ॲप चालत नाही ना भो’ म्हणत तासभर हैराण होऊ नका.

हॉटेलचं आरक्षण डिस्नेच्या ॲपमधल्या खात्याला जोडलेलं नसेल, तर सात दिवसांची सवलत दिसत नाही. हॉटेल एका खात्यावर, पार्कची तिकिटं दुसऱ्याच्या ईमेलवर, असं करू नका. सगळ्यांची तिकिटं एका कुटुंबगटात आणा आणि बुकिंग करताना प्रत्येक नावापुढे खूण आहे ना, ते मोजून पाहा. आप्पांच्या नावापुढची खूण राहिली, की बाकीचे आत आणि आप्पा बाहेर. पास दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तीन वर्षांखालच्या पोराला मात्र तिकीटही लागत नाही आणि पासही.

रद्द करू नका, बदला

वेळ जुळत नाही म्हटल्यावर आपला हात आधी ‘रद्द’कडे जातो. इथे तो आवरा. रद्द केलं की ती वेळ त्या क्षणी दुसऱ्या कुणाकडे गेली समजा, आणि नवी शोधताना स्लिंकी डॉग डॅशसारखी राइड रात्रीपर्यंत रिकामी दिसणार नाही. त्याऐवजी बुकिंग उघडून ‘मॉडिफाय’ दाबा. मोकळ्या वेळा आणि इतर राइड समोर येतात, आणि नवं पक्कं करेपर्यंत जुनं तुमच्याच हातात राहतं. दोन राइडच्या खिडक्या एकमेकींवर आल्या तर ॲप अडवतं, म्हणून आधी दुसरी राइड पुढे सरकवा, मग पहिली बदला. आणि एकदा पाहून मिळालं नाही म्हणून सोडू नका. लोक दिवसभर बेत बदलत असतात, वेळा सुटत राहतात. थोड्या थोड्या वेळाने परत पाहा.

पहिली राइड वापरून झाली, म्हणजे राइडच्या प्रवेशद्वाराशी पार्कचं कार्ड टेकवलं, की लगेच चौथी घेता येते. यानंतर गटाची अट राहत नाही. बरेच जण राइड संपवून, फोटो काढून, आइस्क्रीम खाऊन मग फोन उघडतात. तोवर चांगल्या वेळा गेलेल्या असतात. रांगेत उभे असतानाच पुढची धरा. म्हणूनच पहिली राइड शक्य तितक्या सकाळची घ्यावी. संध्याकाळची घेतलीत तर पुढचं सगळं अडकून पडतं.

पासाचे पैसे परत मिळत नाहीत. भाव दिवसागणिक आणि पार्कागणिक बदलतो, तेव्हा कुठल्या दिवशी कुठला पार्क हे घरात आधी पक्कं करा, मग पैसे भरा.

राइडच बंद पडली तर

उन्हाळ्यात ऑरलँडोला दुपारी ढग गडगडतात आणि विजा दिसल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. तुमच्या वेळेत राइड बंद पडली, तर घाबरून काहीही रद्द करू नका. ॲपमधलं बुकिंग आपोआप बदलतं आणि दिलेल्या यादीतल्या दुसऱ्या राइडवर ते त्या दिवसभरात वापरता येतं. यादी उघडून बघा. ज्या राइडची साधी रांग सर्वात लांब आहे, तिथे ते खर्चा.

उंची आणि गुडघे

सहा वर्षांच्या नातीसाठी उंची न मोजता ट्रॉनचा सिंगल पास घेऊ नका, कमी भरली तर दारात परत पाठवतात. ट्रॉनला किमान १२२ सेंटिमीटर उंची लागते, फ्लाइट ऑफ पॅसेज आणि स्पेस माउंटनला ११२, कॉस्मिक रिवाइंडला १०७, राइज ऑफ द रेझिस्टन्सला १०२, सेव्हन ड्वार्फ्सला ९७. घरीच भिंतीला पाठ लावून, चप्पल काढून मापून घ्या. पोरगं बसत नसेल आणि आई-वडील दोघांनाही बसायचं असेल, तर ‘रायडर स्विच’ मागा: एक जण पोराजवळ थांबतो, दुसरा राइड करून आला की थांबलेला पुन्हा रांग न लावता जातो. याचे वेगळे पैसे नाहीत.

जिजींचे गुडघे दुखतात म्हणून अपंगांसाठीची सवलत मिळेल, ही समजूत २०२४ पासून सोडून द्या. ती सोय आता मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासविषयक अडचणी असणाऱ्यांसाठी आहे. जिजींसाठी व्हीलचेअर भाड्याने घ्या. बहुतेक रांगांमधून ती पुढे नेता येते.

इथलं सगळं फ्लोरिडाचं आहे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्येही मल्टी पासच आहे, पण तिथे राइडच्या वेळा आधी घेता येत नाहीत. पार्कमध्ये शिरल्यावर एकेक घ्यायची. पॅरिसला पासाचं नावच वेगळं, प्रीमियर ॲक्सेस. आणि ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या एक्सप्रेस पासाला वेळ धरावीच लागत नाही, पण तो डिस्नेत चालत नाही.