गाडीवर नारळ पडला? आधी फोटो, मग गॅरेज

वळवाच्या वाऱ्यात माडाखाली उभ्या गाडीवर नारळ किंवा झावळी पडली, की आपण धावत जाऊन ती आधी बाजूला ओढतो. तसं करू नका. झावळी, नंबरप्लेट आणि छताचा पोचा एकाच फोटोत येऊ द्या, त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. माझ्या भावाच्या गाडीवरची झावळी शेजाऱ्यांनी मायेने उचलून चुलीपाशी नेली आणि नुकसान कशाने झालं हे सर्व्हेअरला (विमा कंपनीतर्फे नुकसान पाहायला येणाऱ्या माणसाला) पटवताना त्याला घाम फुटला. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत पत्र्याला हातोडी लावू देऊ नका.

नुसता थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) असेल तर आपल्या गाडीला गारा, वादळ, पूर कशाचीच भरपाई मिळत नाही.

क्लेमआधी गॅरेजमधून खर्चाचा अंदाज घ्या. १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १००० रुपये आपले. झीरो डेप (घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची वजावट, न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या बंपरचे निम्मे पैसेही आपलेच. काचेला मात्र घसारा लागत नाही. शिवाय नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो आणि तो पाच वर्षांत ५० टक्क्यांवर पोचलेला असू शकतो. दोन-तीन हजारांच्या पोच्यासाठी तो घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुराचं पाणी शिरलेल्या गाडीची चावी फिरवूच नका, टो करूनच न्या.