डेअरडेव्हिलचे पहिले पर्व कसे पाहावे

‘डेअरडेव्हिल’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचे तेराही भाग नेटफ्लिक्सने 10 एप्रिल 2015 रोजी एकाच दिवशी प्रदर्शित केले. त्यामुळे असंख्य प्रेक्षकांनी ते दोन-तीन रात्रींत संपवले. मीही पहिल्यांदा तसेच पाहिले होते. पुढे सावकाश, दिवसाला एक भाग अशा गतीने पुन्हा पाहिले, तेव्हा लक्षात आले की पहिल्या खेपेला कथा समजली होती, पण मालिका निसटली होती. दिवसा न्यायालयात कायद्याच्या चौकटीत राहून लढणारा आणि रात्री चेहऱ्यावर काळे फडके बांधून तोच कायदा हातात घेणारा मॅट मर्डॉक हा अंध वकील या कथेचा नायक आहे. ती जितकी डोळ्यांनी पाहायची आहे तितकीच कानांनी पाहायची आहे. हे पर्व प्रथमच पाहणाऱ्यांसाठी किंवा घाईत पाहून झालेल्यांसाठी पुढील सूचना आहेत. शेवटच्या काही भागांतील रहस्ये मी येथे उघड केलेली नाहीत.

मालिका 2022 च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवरून डिस्ने प्लसकडे गेली, हे जुना दुवा शोधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ती प्रौढांसाठी आहे आणि हा इशारा केवळ उपचार म्हणून दिलेला नाही. तिसऱ्या आणि चौथ्या भागांत अत्यंत क्रूर मृत्यू आहेत, त्यांपैकी तिसऱ्या भागातला एक मृत्यू आत्महत्येचा आहे, आणि आठव्या भागात घरातल्या मारहाणीचे दीर्घ, अस्वस्थ करणारे चित्रण आहे. सुपरहीरोची मालिका म्हणून मुलांना सोबत घेऊन बसू नये.

पाहण्याआधी खोलीची आणि पडद्याची थोडी तयारी करावी. या पर्वातील बहुतेक महत्त्वाचे प्रसंग रात्री घडतात आणि पिवळसर, हिरवट, काळपट प्रकाशात चित्रित केलेले आहेत. त्यामुळे उजेडाच्या खोलीत किंवा बसच्या प्रवासात मोबाइलवर पाहिल्यास निम्मे दृश्य काळोखात बुडते. दूरचित्रवाणी संचावर रंग भडक करणारी व्हिव्हिड ही रचना बंद करून सिनेमा ही रचना निवडावी आणि हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारे मोशन स्मूदिंगही बंद करावे, कारण हाणामारीच्या प्रसंगांतील जडपणा त्याने नाहीसा होतो. चांगले हेडफोन असतील तर ते अवश्य वापरावेत.

भाषा मूळ इंग्रजीच ठेवावी आणि उपशीर्षके चालू ठेवावीत. याचे कारण शुद्धतेचा आग्रह हे नाही. या कथेत रशियन, मँडरिन, जपानी आणि स्पॅनिश या भाषा सतत बोलल्या जातात, आणि कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो यावर सत्तेचे गणित अवलंबून असते. गुन्हेगारांच्या बैठकीत, त्यांचा म्होरक्या आणि या पर्वाचा खलनायक विल्सन फिस्क याचा वेस्ली हा सहायक नम्रपणे भाषांतर करत असतो. मात्र आठव्या भागात त्याच बैठकींतली मँडरिन बोलणारी वृद्ध मादाम गाओ वेस्लीला मध्ये न घेता थेट फिस्कशी बोलते, तेव्हा त्या भाषांतराची गरज खरोखर कोणाला होती, असा प्रश्न पडतो. डबिंगमध्ये सगळेच एका भाषेत बोलू लागले की हा धागा तुटतो.

पहिला आणि दुसरा भाग मात्र एकाच बैठकीत पाहावेत. पहिल्या भागाच्या अखेरीस मॅट एका इमारतीच्या गच्चीवर उभा राहून शहर ऐकतो आणि त्या कोलाहलातून पळवून नेलेल्या एका मुलाचा आवाज वेगळा काढतो. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा तो कचऱ्याच्या पेटीत अर्धमेला पडलेला असतो. मधे काय घडले हे आपल्याला दाखवले जात नाही. क्लेअर टेंपल ही परिचारिका त्याला घरात आणते, टाके घालते, आणि त्या टाक्यांच्या बरोबरीने त्याच्या बालपणीची गोष्ट उलगडते. त्याचे वडील, मुष्टियोद्धा जॅक मर्डॉक, सामना खेळून रक्तबंबाळ होऊन घरी येत आणि लहानग्या मॅटकडून जखमा शिवून घेत. या एका भागात मालिकेने आपला नियम सांगून टाकला आहे: इथे प्रत्येक ठोशाची किंमत शरीराला द्यावी लागते आणि ती पुढच्या भागातही फिटलेली नसते. म्हणून मॅटच्या जखमांचा हिशेब ठेवत चालावे. कोणती बरगडी दुखते आहे, कोणता टाका उसवला आहे, सकाळी कार्यालयात येताना तो मित्रांना कोणते खोटे कारण सांगतो, हे पाहत गेले की ही कथा कुठे चालली आहे ते आपोआप कळते.

दुसऱ्या भागाचा शेवट म्हणजे तो प्रसिद्ध बोळातला झगडा होय. कॅमेरा जणू एकाच सलग चित्रणात त्या अरुंद बोळात पुढेमागे सरकत राहतो. बहुतेक लोक या प्रसंगाची स्तुती त्याच्या तांत्रिक कौशल्यासाठी करतात आणि ते कौशल्य निर्विवाद आहे. पण तो पुन्हा एकदा, केवळ आवाजाकडे लक्ष देऊन पाहावा. अनेकदा मॅट आणि गुंड बाजूच्या खोल्यांमध्ये शिरतात, कॅमेरा बाहेर रिकाम्या बोळातच थांबतो, आणि आत काय चालले आहे हे आपल्याला फक्त ऐकू येते. त्या क्षणी प्रेक्षक मॅटच्या जागी उभा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे थकवा. मारणारेही दमतात आणि मार खाणारेही. मॅट भिंतीला टेकतो, धापा टाकतो, पडलेली माणसे पुन्हा उठतात. हा सगळा खटाटोप बोळाच्या टोकाला कोंडलेल्या एका मुलासाठी आहे, आणि शेवटी तो मुलाला उचलून बाहेर येतो तेव्हा विजयाचे संगीत वाजत नाही.

कानांनी पाहण्याची सवय आणखी वाढवायची असेल तर एक प्रयोग सुचवतो. पाहून झालेला एखादा भाग ऑडिओ डिस्क्रिप्शन चालू करून, डोळे मिटून ऐकावा. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे पडद्यावर जे घडते त्याचे, संवादांच्या मधल्या जागांत केलेले शब्दवर्णन. अंध नायकाची ही मालिका आली तेव्हा तिला अशा वर्णनाची जोड नव्हती, आणि अंध प्रेक्षकांनी त्याकडे लक्ष वेधले. काही दिवसांतच, 14 एप्रिल 2015 रोजी, नेटफ्लिक्सने ही सोय सुरू करत असल्याचे जाहीर केले आणि तिचा आरंभ याच मालिकेपासून केला. दृष्टिबाधित प्रेक्षकांसाठी ही केवळ तांत्रिक सुविधा नव्हती. आपल्यासारख्या माणसाची गोष्ट अखेर आपल्यापर्यंत पोहोचली, असा तिचा अर्थ होता. मॅटची भूमिका करणाऱ्या चार्ली कॉक्सला त्याच वर्षी अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने हेलन केलर पुरस्काराने गौरवले. तो डोळे कुठे ठेवतो, समोरच्याशी बोलताना मान कशी किंचित कलती असते, काठी कधी खरोखर टेकतो आणि कधी केवळ लोकांना दाखवण्यासाठी वापरतो, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

मॅटला जग कसे ‘दिसते’, हे पाचव्या भागात एकदाच आपल्यापुढे ठेवले जाते: जळत्या लाल रंगाचे, आकारांच्या कडा सतत हलत असलेले. त्यावर मालिका पुन्हा पुन्हा रेंगाळत नाही, हे मला तिच्या संयमाचे लक्षण वाटते. त्याऐवजी ती हृदयाचे ठोके ऐकवते. पहिल्या भागात खुनाचा आरोप असलेली कॅरन पेज आपण निर्दोष असल्याचे सांगते, तेव्हा मॅट तिच्या छातीतले ठोके ऐकून ते खरे आहे हे ठरवतो. तिसऱ्या भागात तो भर न्यायालयात एका ज्यूरी सदस्याची भीती ऐकतो. हे प्रसंग पाहताना एक प्रश्न मनाशी धरून ठेवावा: समोरच्याला न सांगता त्याचे अंतरंग ऐकण्याचा अधिकार या वकिलाला कोणी दिला? दहाव्या भागात हाच प्रश्न त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाकडून येतो, आणि तो भाग, जवळजवळ सगळा दोन मित्रांच्या संभाषणाचा असूनही, मला या पर्वातील सर्वांत जखमी करणारा भाग वाटतो. तो पाहण्याआधी एक दिवस मध्ये जाऊ द्यावा.

आता विल्सन फिस्कविषयी. पहिल्या भागात आपण त्याचा केवळ आवाज ऐकतो, तोही फोनवर. त्याचे नाव घ्यायला माणसे इतकी घाबरतात की तिसऱ्या भागात ते उच्चारणारा मारेकरी पुढच्याच क्षणी स्वतःचा जीव घेतो. एवढ्या तयारीनंतर तो माणूस आपल्याला दिसतो तो चित्रांच्या दालनात, जवळजवळ संपूर्ण पांढऱ्या असलेल्या एका चित्रासमोर, आणि दालनात काम करणाऱ्या व्हॅनेसाने विचारल्यावर तो सांगतो की हे चित्र पाहून मला एकटे वाटते. व्हिन्सेंट डोनोफ्रिओने हे वाक्य ज्या अवघडलेपणाने उच्चारले आहे, त्यात पुढचे दहा भाग सामावलेले आहेत. ते चित्र लक्षात ठेवावे. आठव्या भागात त्याचे मूळ सापडते, आणि फिस्क रोज सकाळी त्याच पद्धतीने ऑम्लेट का करतो, तीच बाह्यांची बटणे का लावतो, हेही तिथेच कळते.

मॅट आणि फिस्क दोघेही एकाच वस्तीत लहानाचे मोठे झाले, दोघांच्याही आयुष्याला वडिलांची सावली आहे आणि दोघेही ‘माझे शहर’ हे शब्द सारख्याच तळमळीने उच्चारतात. म्हणून ज्या ज्या वेळी ही दोन माणसे शहराविषयी बोलतील, त्या त्या वेळी वाक्ये काळजीपूर्वक ऐकावीत आणि बोलणाऱ्याचे नाव मनातल्या मनात बदलून पाहावे. सहाव्या भागात दोघे प्रथमच वायरलेसवरून बोलतात. एकमेकांना न पाहता झालेले ते बोलणे या दृष्टीने दोनदा ऐकण्यासारखे आहे. फरक उरतो तो एवढाच की मॅट अजून कोणाला जिवे मारत नाही, आणि हा ‘अजून’ किती काळ टिकेल ही या पर्वाची खरी उत्कंठा आहे. पहिल्याच भागात तो फादर लँटमसमोर कबुलीजबाब देताना केलेल्या पापाची नव्हे तर करणार असलेल्या कृत्याची क्षमा मागतो. नवव्या भागात तेच धर्मगुरू त्याला रवांडातील एक अनुभव सांगतात. हे दोन प्रसंग एकमेकांना जोडून पाहावेत.

ज्या वस्तीसाठी हे सगळे चालले आहे तिची थोडी ओळख करून घेतल्यास कथा जमिनीवर येते. हेल्स किचन हा न्यू यॉर्कमधील मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूचा, साधारण 34 व्या ते 59 व्या रस्त्यांमधला आणि आठव्या ॲव्हेन्यूपासून हडसन नदीपर्यंतचा भाग आहे. एके काळी तिथे आयरिश कष्टकरी राहत आणि टोळ्यांचाही वावर असे. आज तेथील घरे महाग आहेत. मालिकेने आपल्या कथाविश्वातील 2012 च्या परग्रहवासीयांच्या हल्ल्याचा आधार घेऊन तिथे पुन्हा पडझड दाखवली आहे, आणि पुनर्बांधणीच्या पैशावर टपलेल्या माणसांची गोष्ट त्यातून उभी केली आहे. न्यू जर्सीतून बसने कामाला जाणाऱ्या अनेक मराठी मंडळींना पोर्ट अथॉरिटीचे बसस्थानक रोजचे असते. ते याच भागाच्या कडेला आहे.

एलेना कार्डेनास या वृद्ध बाईंचा धागा म्हणूनच दुय्यम समजू नये. भाडेनियंत्रणाखालील त्यांच्या जुन्या इमारतीत मालकाने दुरुस्तीच्या नावाखाली माणसे पाठवून नळ आणि भिंती फोडलेल्या असतात, म्हणजे भाडेकरू कंटाळून निघून जावेत. गिरणगावातील चाळींच्या पुनर्विकासाचे दिवस ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. मॅटचा मित्र आणि वकिलीतला भागीदार फॉगी नेल्सन इथे मुखवट्याविना, कागदपत्रे आणि युक्तिवाद घेऊन लढतो, आणि मॅटची रात्रीची वाट एकमेव आहे का, याचे उत्तर शोधायचे असेल तर फॉगी, कॅरन आणि वार्ताहर बेन युरिक यांच्या प्रसंगांत शोधावे. हाणामारी नाही म्हणून ते पुढे सरकवू नयेत.

प्रसिद्ध लाल पोशाखाची वाट पाहत बसू नये. तो अखेरच्या भागात येतो आणि तोवर बारा भाग मॅट साध्या काळ्या कपड्यांतच लढतो. अकरावा, बारावा आणि तेरावा हे भाग जमल्यास लागोपाठच्या तीन रात्री पाहावेत, कारण त्यांतील घटना एकमेकींना अगदी चिकटून आहेत. तेराव्या भागात फिस्क बायबलमधील भल्या शोमरोनीची गोष्ट सांगतो. ती गोष्ट ठाऊक नसेल तर आधी वाचून घ्यावी, कारण त्या गोष्टीतील नेमक्या कोणत्या माणसात तो स्वतःला ओळखतो, यावर तो सगळा प्रसंग उभा आहे.

पुढे जायचे असेल तर क्रम असा ठेवावा: 2016 चे दुसरे पर्व, त्यानंतर 2017 ची ‘द डिफेंडर्स’ ही छोटी मालिका आणि मग 2018 चे तिसरे पर्व. ‘द डिफेंडर्स’ पहिल्या पर्वाच्या तोडीची नाही, परंतु तिसरे पर्व तिच्या शेवटापासूनच सुरू होत असल्याने ती वगळल्यास मॅट त्या अवस्थेत का पडला आहे हे कळत नाही. 2025 मध्ये सुरू झालेली ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’ ही मालिका त्यानंतरच हाती घ्यावी.