काळ्या अस्वलाची रिव्हॉल्व्हरने शिकार : गोळी कोणती घ्यावी आणि नेम कुठे धरावा

रिव्हॉल्व्हरने काळे अस्वल मारायला निघालेला माणूस कोणते काडतूस घ्यावे यावर महिनोन्महिने वाद घालतो, पण अस्वलाचा जवळचा पुढचा पाय पुढे आहे की मागे, हे पाहण्यासाठी अर्धा मिनिट थांबत नाही. जखमी अस्वले दलदलीत हरवतात त्यामागे बहुतेक वेळा हीच घाई असते. मी अमेरिकेतील मेन राज्याच्या उत्तर भागात, ऑगस्टअखेरीस सुरू होणाऱ्या हंगामात, आमिषाजवळच्या मचाणावरून शिकार करतो. पुढे लिहिले आहे ते त्या पद्धतीला धरून आहे. परवाना, सुरक्षा-प्रशिक्षण आणि कानांचे संरक्षण या गोष्टी वाचकाने आधीच उरकल्या आहेत असे मी गृहीत धरतो.

कायद्याविषयी थोडक्यात. भारतात अस्वलाची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे हा लेख मेळघाट किंवा ताडोबासाठी नाही. कॅनडात शिकारीसाठी हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, वापरता येत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे असतात : मेनमध्ये आमिष चालते, तर कोलोरॅडोत १९९२ च्या सार्वमतापासून चालत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींना ठाऊक नसलेली एक गोष्ट अशी की, एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्या मनाईतील एक अपवाद आहे. तेव्हा आधी परवाना काढावा आणि मगच मित्राच्या शस्त्राला हात लावावा.

आता गोळीकडे वळू. रायफलची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास जाते आणि तिच्या वेगामुळेच भोवतालच्या ऊतींची मोठी हानी होते. .४४ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची २४० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला ३७०-३८० मीटर इतकाच वेग गाठते. या वेगाला गोळी स्वतः ज्या मार्गाने जाते तेवढेच भोक पडते, त्यापलीकडे फारसे काही होत नाही. म्हणून हँडगनच्या गोळीकडून माझी अपेक्षा एकच असते : तिने एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे. अस्वलाच्या बाबतीत बाहेर पडण्याचे भोक अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण हिवाळ्यापूर्वी त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर साचलेला असतो, आत शिरण्याचे भोक त्या चरबीने बुजते आणि लांब केस उरलेले रक्त टिपून घेतात. एकच भोक पडलेले अस्वल शंभर मीटर धावले तरी पाल्यापाचोळ्यावर रक्ताचा थेंब सापडेलच असे नाही.

हे पोकळ टोकाच्या हलक्या गोळीने साधत नाही. ती माणसापासून स्वसंरक्षणासाठी बनवलेली असते आणि लवकर फुलून थांबावी हाच तिचा उद्देश असतो. दुकानदार हौसेने ती पुढे करतो, पण घेऊ नये. .४४ मॅग्नमसाठी माझी पसंती २४० ते ३०० ग्रेनच्या, रुंद सपाट टोकाच्या, कठीण ओतीव शिशाच्या गोळीला आहे. तिच्या खालोखाल, आवरण आतल्या शिशाला पक्के जोडलेली मऊ टोकाची गोळी चालेल. सपाट टोक महत्त्वाचे आहे, कारण गोल टोक मांस बाजूला सारून पुढे सरकते, तर सपाट टोक मांस चिरडत जाते आणि मार्गही सरळ ठेवते. मात्र कठीण म्हणजे कितीही कठीण नव्हे, कारण अती कठीण मिश्रधातू ठिसूळ होतो आणि हाडावर फुटतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीत शिसे चालत नाही, त्यामुळे तिथे अखंड तांब्याची गोळी घ्यावी लागते, आणि तीही उत्तम काम करते.

.३५७ मॅग्नमने अस्वल मरते, पण नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. १० मिलिमीटर ऑटो या पिस्तुलाच्या काडतुसात २०० ग्रेनची कठीण गोळी चालते. मात्र पिस्तुलाच्या नळीतील आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे आतले पीळ, बहुकोनी असतील तर आवरण नसलेले शिसे त्यात वापरू नये असे उत्पादकच सांगतात. .४५४ कॅसुल आणि .५०० या त्याहून जोरदार काडतुसांविषयी माझे मत स्पष्ट आहे : ज्या शस्त्राच्या धक्क्याला घाबरून बार होण्याआधीच डोळे मिटतात, ते शस्त्र कितीही ताकदवान असले तरी त्या हातात निरुपयोगी आहे.

जड गोळी निवडल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, तिच्यासाठी माशी, म्हणजे नळीवरची नेम धरण्याची खूण, नव्याने जुळवावी लागते, कारण ३०० ग्रेनची गोळी त्याच रिव्हॉल्व्हरमधून २४० ग्रेनच्या गोळीपेक्षा वर लागते. ती नळीत जरा जास्त वेळ असते आणि तेवढ्यात धक्क्याने नळी वर उचललेली असते. दुसरी, पाच बार काढून सहावे न उडालेले काडतूस बाहेर काढावे आणि व्हर्निअर कॅलिपरने त्याची लांबी मोजून नव्या काडतुसाशी ताडून पाहावी. पुंगळीचा काठ गोळीवर नीट दाबलेला नसेल तर धक्क्यांनी गोळी पुढे सरकते आणि पुरेशी सरकली की सिलिंडर फिरतच नाही. हा प्रकार सरावाच्या मैदानावर कळलेला बरा.

आता नेम कुठे धरावा ते पाहू. इथे मी स्वतः अडखळलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो. माझ्या तिसऱ्या हंगामात एक मध्यम नर संध्याकाळी आमिषाच्या बॅरलपाशी आला आणि माझ्याकडे तिरपे तोंड करून उभा राहिला. अंतर सतरा पावले होते, उजेड भरपूर होता आणि रिव्हॉल्व्हरमध्ये एका अनुभवी म्हणवणाऱ्या गृहस्थाने सुचवलेल्या पोकळ टोकाच्या वेगवान गोळ्या होत्या. मी खांद्यावर नेम धरून चाप ओढला. गोळी नेमकी तिथेच लागली, पण दंडाच्या हाडावर फुलली आणि तिथेच थांबली. अस्वल तीन पायांवर सीडरच्या दलदलीत शिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीला बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याच्या मदतीने ते सापडले, तेव्हा सप्टेंबरच्या उबदार रात्रीने मांस वाया गेले होते. कातडीखालच्या चरबीत बोट फिरवल्यावर तांब्याच्या पाकळ्या हाताला लागल्या. नेम चुकला नव्हता. चुकली होती ती त्या स्थितीत बार काढण्याची निवड, आणि त्या निवडीला न पेलणारी गोळी.

हरणाची शिकार करून आलेल्या माणसाला अस्वल तीन ठिकाणी फसवते. पहिली फसगत केसांची. पोटाखाली दिसणारी कड ही शरीराची कड नसते. ती लोंबणाऱ्या केसांची असते आणि खरी छाती तिच्या बरीच वर संपते. दिसणाऱ्या उंचीच्या खालच्या चौथ्या भागात नेम धरला तर जमिनीवर केसांचा झुबका मिळतो, अस्वल मिळत नाही. दुसरी फसगत रंगाची. काळ्या अंगावर संध्याकाळच्या उजेडात ना खांद्याची घडी दिसते ना बरगड्या, सगळा एकच काळा गोळा दिसतो. म्हणून मी अंगावर खूण शोधत नाही, पाय शोधतो, कारण पाय जमिनीवर कुठे टेकला आहे हे शेवटच्या उजेडातही कळते.

तिसरी फसगत हाडांची. आडव्या उभ्या असलेल्या अस्वलाचा जवळचा पाय मागे असेल, तर दंडाचे जाड हाड आणि त्यावरचे मांस फुप्फुसांच्या पुढच्या भागावर झाकणासारखे येते. तोच पाय पुढे पडला की झाकण उघडते. तेवढ्यासाठी थांबावे. आमिषावर आलेले अस्वल सतत हलत असते, बॅरलमध्ये तोंड घालते, मागे सरते, वास घेते, पुन्हा पुढे होते, आणि दोन-तीन मिनिटांत तो पाय हमखास पुढे पडतो. त्या क्षणी पायाच्या मागच्या कडेवरून मनाने सरळ वर जावे, शरीराच्या खऱ्या उंचीच्या निम्म्याहून किंचित खाली थांबावे आणि त्या रेषेपासून चार बोटे मागे नेम धरावा. तिथे दोन्ही फुप्फुसे सापडतात आणि नेम थोडा खाली गेला तर हृदयाचा वरचा भाग मिळतो. त्याहून मागे सरकू नये, कारण तिकडे यकृत आणि पोट आहे.

मचाणावरून मारताना उताराचा हिशेब हवा. पाच मीटर उंचीवरून सोळा-सतरा मीटरांवर मारलेली गोळी ३५ सेंटिमीटर रुंदीची छाती ओलांडेपर्यंत सुमारे दहा सेंटिमीटर खाली येते. म्हणून शिरण्याच्या जागेचा विचार करू नये, पलीकडे ती कुठून बाहेर पडावी हे आधी ठरवावे आणि तिथून उलटी रेघ ओढावी. अस्वल आपल्यापासून तिरपे, पलीकडे तोंड करून उभे असेल तेव्हाही हाच नियम लागू होतो : पलीकडच्या खांद्यातून गोळी बाहेर काढायची. समोरून, आपल्याकडे तिरपे असताना, मागून आणि डोक्यावर मारू नये. डोक्याची कवटी उतरती असते, मेंदू लहान असतो आणि मान क्षणभर स्थिर राहत नाही.

गोळी आरपार जाणार म्हणजे पलीकडे काय आहे हेही आपलेच उत्तरदायित्व आहे. एकटे वाटणारे अस्वल मादी असू शकते आणि पिल्ले मागच्या झुडपात किंवा झाडावर असू शकतात. मी अस्वल आल्यावर पहिली काही मिनिटे शस्त्राला हातही लावत नाही. तेवढ्या वेळात बॅरलशी तुलना करून आकारही कळतो : २०८ लिटरचे उभे बॅरल सुमारे ८८ सेंटिमीटर उंच असते आणि चारी पायांवर उभ्या अस्वलाची पाठ त्याच्या निम्म्याशी असेल तर ते पोर आहे, जाऊ द्यावे.

सराव मैदानातल्या टेबलावरून नव्हे, मचाणावरून करावा. पंधरा सेंटिमीटरच्या कागदी बशीत सहाच्या सहा गोळ्या ज्या अंतरावरून बसतात, त्याच्या निम्मे अंतर आपले समजावे. माझे ते पंचवीस मीटर आहे आणि त्यापुढचे अस्वल मी नुसते पाहतो.

बार झाल्यावर अस्वल उभे असेल आणि बाजू दिसत असेल तर लगेच दुसरी गोळी मारावी, पहिलीचे कौतुक करत बसू नये. ते पळाले तर शेवटचे कोणत्या झाडापाशी दिसले ते पक्के लक्षात ठेवावे आणि कान देऊन अर्धा तास मचाणावरच बसावे. बऱ्याचदा दूरवरून एक लांब, खोल कण्हणे ऐकू येते, आणि मग शोध सोपा असतो. अस्वल मिळाले की कातडे ताबडतोब उतरवावे, कारण केस आणि चरबी उष्णता धरून ठेवतात. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे. अस्वलाच्या मांसातील ट्रिकिनेला या परजीवी कृमीची उत्तरेकडची जात गोठवूनही मरत नाही, त्यामुळे फ्रीजरवर विसंबू नये. मेनमध्ये नोंदणीच्या वेळी वय ठरवण्यासाठी अस्वलाचा एक दात द्यावा लागतो. तो जबडा आखडण्यापूर्वी काढावा.