जुनी गिअरची सायकल कामावर नेण्याजोगी करताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरातील कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांना जाड टायरची जुनी गिअरची सायकल स्वस्तात मिळू शकते, कारण कॉलेज संपले की मुले ती जिन्याखाली उभी करतात आणि घरचे मिळेल त्या किमतीला देऊन टाकतात. अशी सायकल रोजच्या जाण्या-येण्याला चांगली असते. मात्र तिच्यावरचा खर्च बहुधा उलट्या क्रमाने होतो: आधी रंग, सीट कव्हर आणि मोबाइलचा स्टँड घेतला जातो, आणि ब्रेक व चेनपर्यंत येईतो पैसे संपलेले असतात. ‘२१ गिअर आहेत’ या विक्रेत्याच्या वाक्याला तर काहीच किंमत देऊ नये. त्यांपैकी किती गिअर भार पडल्यावर टिकतात, एवढेच पाहावे.

पहिली चूक म्हणजे फ्रेम न तपासता सुटे भाग आणणे. हँडलखालची नळी जिथे फ्रेमला जोडलेली असते तेथील वेल्डिंग, आणि पॅडलच्या ॲक्सलभोवतीचे सांधे कापडाने पुसून उजेडात पाहावेत. रंगाला केसासारखी रेघ गेली असेल आणि तिच्यातून गंज पाझरला असेल, तर ती सायकल घेऊच नये. सीटची नळी गंजून आत धरलेली नाही ना, हेही तेव्हाच पाहावे, कारण ती वर-खाली झाली नाही तर उंची जुळत नाही आणि गुडघे दुखू लागतात. उंची वाढवताना नळीवरची किमान खोलीची खूण बाहेर दिसता कामा नये.

सर्वाधिक पैसा वाया जातो तो चेनच्या बाबतीत. चढावर जोर लावला की चेन ‘कट्’ करून उडते, आणि आपण गिअरच्या वायरचा स्क्रू फिरवत बसतो. चेन नेमकी केव्हा उडते, हे आधी पाहिले पाहिजे. फक्त जोर लावल्यावर उडत असेल, तर चेन किंवा फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे) दाते झिजलेले असण्याची शक्यता मोठी. जोर नसतानाही ठरावीक अंतराने झटका बसत असेल, तर गंजाने एखादी कडी ताठ झालेली असते, आणि पॅडल हळूहळू उलटे फिरवल्यास ती मागच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या, छोट्या चाकांवरून जाताना उचललेली दिसते. चेन दोन गिअरांमध्ये घुटमळत असेल तरच वायर किंवा डिरेलरचा वाकलेला हँगर (तो फ्रेमला जिथे अडकवतात ती पट्टी) यांच्याकडे वळावे. झीज मोजायला स्टीलची पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरले, तर नव्या चेनची २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलावी. १/८ इंच सरकली असेल तर फ्रीव्हीलही गेले असे समजावे. झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन चढवली, की ती जुनीपेक्षाही जास्त उडते आणि दोष बिचाऱ्या नव्या चेनला लागतो.

डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने सगळी सायकल धुण्याची पद्धत साध्या सायकलीला चालून जात होती. डिस्क ब्रेक असेल तर डिझेल-रॉकेलचा थेंबही डिस्कवर उडू देऊ नये, कारण पॅड तेल शोषतात, ब्रेक किंचाळू लागतो आणि पकड जाते. डिस्क स्पिरिटने पुसता येते, पण तेल प्यालेले पॅड बदललेलेच बरे. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रबरी शू टायरला घासत नाही ना, आणि रिमची बाजू खोलगट झालेली नाही ना, हे पाहावे. ओल्या रिमवर हे ब्रेक उशिरा धरतात, आणि आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर रिम कोरडी राहतच नाही.

टायर मागताना नुसते ‘२६ चे द्या’ म्हणू नये. २६ × १.९५ हा टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमचा असतो, तर २६ × १ ३/८ हा ५९० च्या. एक दुसऱ्यावर बसत नाही. जुन्या टायरच्या कडेला छापलेला आकडा वाचूनच नवा घ्यावा. डांबरी रस्त्यासाठी १.५ ते १.७५ इंची, कमी नक्षीचा टायर हलका पळतो आणि खड्ड्यांतही निभावतो. या सायकलींचा व्हॉल्व्ह बहुधा मोटारसायकलीसारखाच असल्याने पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण ट्यूब लहान असल्यामुळे थोडी थोडी भरून थांबत जावे आणि टायरवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नये.

मागेही शॉकअप असलेली सायकल या कामासाठी टाळावी, कारण जोर त्यातच मुरतो आणि डबा-पिशवीसाठी साधे कॅरिअर बसवणे अवघड होते. पूर्ण लांबीचे मडगार्ड मात्र हवेतच. खानापूरकडच्या तांबड्या चिखलाने पाठ तर भरतेच, शिवाय तोच चिखल चेनमध्ये जाऊन ती झिजवतो. पावसाळ्यात भिजलेली चेन घरी आल्यावर पुसून तेल द्यावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. ग्रीस फासले तर माती चिकटून बसते.

डावे पॅडल उलट्या आट्यांचे असते; ते नेहमीच्या दिशेने जोर लावून बसवल्यास क्रँकचे (पॅडल ज्या दांड्याला बसते त्याचे) आटे जातात. सगळे जोडून झाल्यावर पहिल्या आठवड्यानंतर कॅरिअर, मडगार्ड आणि क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळावेत, वायर ताणून सैल पडलेले ब्रेक जुळवून घ्यावेत, आणि चाकाला नव्या तारा (स्पोक) घातल्या असतील तर चाकाचा आउट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, त्याच वेळी पुन्हा काढून घ्यावा.