कुकरी झाली, आता डिप्लोमा: रोस्टरचा पेपर हलक्यात घेऊ नका

सर्टिफिकेट थ्री इन कमर्शियल कुकरी, मग सर्टिफिकेट फोर इन किचन मॅनेजमेंट आणि शेवटी डिप्लोमा ऑफ हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट. मेलबर्नला येणारी आपली बरीच मुलं हाच रस्ता धरतात, मीही धरला. 48 सर्व्हिस पिरियडचं (किचनमधल्या जेवणाच्या वेळेच्या शिफ्टचं) लॉगबुक कसं भरायचं हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते डिप्लोमाबद्दल, कारण मी आपटलो तो तिथे, आणि ते अजून टोचतं.

डिप्लोमात 28 युनिटं, म्हणजे विषय. त्यातली कुकरीची बरीचशी क्रेडिट ट्रान्सफरमध्ये निघून जातात, आधी केलेली पुन्हा करावी लागत नाहीत (युनिटचा कोड जुळला पाहिजे, ट्रान्सक्रिप्ट पहिल्याच आठवड्यात देऊन टाका). उरतं ते बजेट, रोस्टर (कोण कधी कामाला येणार त्याचं वेळापत्रक), कायदेकानून, माणसं सांभाळणं. हातात सुरी नाही, समोर आग नाही, म्हणजे आता आराम, असं माझ्यासोबतचे सगळेच म्हणायचे आणि मला ते पटलं होतं. दिवसा वर्ग, संध्याकाळी ग्रिलवर उभं राहायचं, आणि रात्री साडेअकराला घरी येऊन कशीबशी असाइनमेंट संपवायची.

असाइनमेंटमध्ये राहण्याच्या हॉटेलातल्या एका कॅफेचं आठवड्याचं रोस्टर करायचं होतं, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. मंगळवारी पाच कॅज्युअल (कायम नसलेली, तासावर येणारी माणसं), प्रत्येकी सहा तास, एकूण 30 तास. हिशोबासाठी मूळ दर ताशी 24 डॉलर दिला होता. मी 30 गुणिले 24, 720 डॉलर लिहून मोकळा झालो. पेपर तपासणाऱ्या असेसरबाईंनी मंगळवारच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कुठला दिवस?" मी म्हटलं, मंगळवार. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हात केला. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार म्हणजे मेलबर्न कप, घोड्यांची मोठी शर्यत, शहराला सार्वजनिक सुट्टी. माझ्या कागदावर शेरा आला: नॉट येट कॉम्पिटंट, म्हणजे नापास, पुन्हा करा.

हे नीट समजून घ्या, घाई करू नका. अवॉर्ड म्हणजे त्या-त्या धंद्यातल्या किमान पगाराचे कायदेशीर नियम. हॉस्पिटॅलिटी इंडस्ट्री जनरल अवॉर्डप्रमाणे कॅज्युअल माणसाला मूळ दराच्या 125 टक्के मिळतात, तेही साध्या दिवशी. म्हणजे 24 चे 30 झाले. शनिवारी 150 टक्के, 36 डॉलर. रविवारी 175 टक्के, 42. सार्वजनिक सुट्टीला 250 टक्के, म्हणजे ताशी 60 डॉलर. माझे ते 30 तास 1800 डॉलरचे होते. त्यावर 12 टक्के सुपर (मालकाने कामगाराच्या निवृत्तीसाठी भरायचे पैसे), म्हणजे आणखी 216. एकूण 2016. मी लिहिले होते 720! खऱ्या कॅफेत ही चूक झाली असती तर त्या आठवड्याचा नफा तिथेच संपला असता. बरं, स्वतंत्र रेस्टॉरंट आणि कॅफेंचा अवॉर्ड वेगळा असतो, त्याचे काही दर वेगळे. म्हणून आधी अवॉर्ड कुठला ते बघा, मग कॅलेंडर, मग माणसं. मी नेमकं उलटं केलं होतं.

त्यातच दुसरी गोष्ट. स्टुडंट व्हिसावरच्या माणसाला वर्ग चालू असताना पंधरवड्याला जास्तीत जास्त 48 तास काम करता येतं. पण पंधरवडा म्हणजे कुठल्याही सोमवारपासूनचे 14 दिवस. एका आठवड्यात 20 तास, पुढच्यात 28, त्याच्या पुढच्यात 24 दिले तर पहिली जोडी बसते आणि दुसरी 52 वर जाते. रोस्टर लिहिणाऱ्याच्या हातात दुसऱ्याचा व्हिसा असतो, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं, माझा स्वतःचा व्हिसा तोच असूनही.

व्हॉट्सअॅपवर तयार असाइनमेंट विकणारे भेटतील. घेऊ नका. पकडले जाल ही भीती आहेच, पण मोठं नुकसान पुढचं आहे: सुपरव्हायझरच्या जागेच्या मुलाखतीला कोरा कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, आठवडा लावून दाखवा. माझ्यासमोर एक हुशार कुक तिथे गप्प बसून राहिला. गुरूच हवा असेल तर हेड शेफच्या मागे फिरू नका. गुरुवारी रात्री ऑफिसच्या कोपऱ्यात रोस्टर लावत बसलेल्या माणसाला चहा नेऊन द्या आणि शेजारी उभे राहा. मी जे काही शिकलो ते असंच. आणि जमलं तर आरएसए (दारू वाढण्यासाठी लागणारं सर्टिफिकेट) काढून थोड्या शिफ्ट फ्लोअरवर, गिऱ्हाइकांमध्ये करा, पासच्या (जिथून तयार ताटल्या बाहेर जातात त्या कट्ट्याच्या) पलीकडून किचन वेगळंच दिसतं.

आकड्यांना घाबरू मात्र नका. कुकला या विषयात जे दिसतं ते वर्गात इतर कुणाला दिसत नाही, हे मला तोच पेपर दुसऱ्यांदा देताना कळलं. तेव्हा मी मंगळवारी पाचाऐवजी तीन माणसं ठेवली आणि सुट्टीपुरता मेन्यू आठ पदार्थांवर आणला. सोमवारी दोघांना दोन-दोन तास जास्तीचे दिले, कांदा, सॉस, मॅरिनेशन सगळं आदल्या दिवशी. सुपर धरून मंगळवारचे 1209 डॉलर 60 सेंट, सोमवारचे वाढीव 134 डॉलर 40 सेंट, मिळून 1344.

"तिघं पुरतील?" बाईंनी विचारलं.

कुठला पदार्थ कुठल्या सेक्शनवरून किती मिनिटांत निघेल ते मी त्यांना एकेक करून सांगितलं. चौथ्या पदार्थाला त्यांनी पेन उचललं आणि सही केली.