पीएचडीच्या पहिल्या वर्षात: आधी सॉल्व्हंट मोजा, मग केमिकल सोसायटीत जा

ऑरगॅनिक सिंथेसिसमध्ये नुकतीच नोंदणी झाली असेल आणि प्रपोजलमध्ये ‘सस्टेनेबल’ लिहायचा मोह होत असेल, तर आधी वजनकाटा हाताशी घ्या. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर म्हणजे कचऱ्याचं वजन भागिले उत्पादनाचं वजन. औषध कंपन्या पीएमआय (प्रोसेस मास इंटेन्सिटी) मोजतात: आत घातलेलं एकूण वजन भागिले उत्पादन. त्यातून १ वजा केला की ई-फॅक्टर.

एक साधा कॉलम घ्या, म्हणजे सिलिकाच्या नळीतून सॉल्व्हंट सोडून पदार्थ शुद्ध करणं. १ ग्रॅम क्रूड (अजून शुद्ध न केलेला पदार्थ), ४० ग्रॅम सिलिका, ८०० मिली हेक्झेन, २०० मिली इथाइल अ‍ॅसिटेट. सॉल्व्हंटच ७०० ग्रॅमच्या घरात जातं आणि हाती येतं समजा ०.७ ग्रॅम. म्हणजे ग्रॅममागे हजार ग्रॅमहून जास्त कचरा, आणि यात रिअ‍ॅक्शन अजून धरलेलीच नाही. तेच क्रूड १० मिली इथेनॉलमधून रिक्रिस्टलाइझ केलं (गरम विरघळवून थंडीत स्फटिक पाडले), २ मिली थंड इथेनॉलने धुतलं आणि ०.६ ग्रॅमच मिळालं, तरी आकडा १७ च्या आसपास राहतो. कॅटलिस्ट ‘ग्रीन’ म्हणून मिरवायचं आणि कॉलमबद्दल गप्प बसायचं, यात काही अर्थ नाही.

म्हणून पदार्थ घन असेल तर आधी रिक्रिस्टलायझेशन. २०-२० मिलिग्रॅम चार टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, प्रत्येकीत वेगळा सॉल्व्हंट. ज्यात पदार्थ गरम असताना विरघळतो आणि थंडीत बाहेर पडतो तो सॉल्व्हंट निवडा. स्फटिकांऐवजी तेल सुटलं तर बहुधा द्रावण फार दाट आहे किंवा घाईने थंड केलंय. थोडं सॉल्व्हंट वाढवा, पुन्हा गरम करा, सावकाश थंड होऊ द्या, सीड (त्याच पदार्थाचा तयार स्फटिक) टाका.

कॉलम टळतच नसेल तर हेक्झेनऐवजी हेप्टेन वापरा. एन-हेक्झेन मज्जातंतूंना घातक आहे. हेप्टेन महाग पडतं आणि ९८ अंशांना उकळतं, त्यामुळे रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) वेळ लागतो; ती किंमत मोजावी. डायक्लोरोमिथेन-मिथेनॉलच्या जागी हेप्टेनमध्ये ३:१ इथाइल अ‍ॅसिटेट-इथेनॉल बऱ्याचदा चालतं. टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ थराच्या पट्टीवर) आधी बघा. रोटाव्हॅपमधून परत मिळालेलं मिश्रण पुढच्या कॉलमला तसंच ओतू नका: प्रमाण बदललेलं असतं, आरएफ (पट्टीवर पदार्थ किती वर चढतो ते प्रमाण) हलतो. काचसामानाच्या पहिल्या धुण्याला ते उत्तम.

पाण्याचं गणित सोपं आहे. कंडेन्सरला (वाफ थंड करणाऱ्या नळीला) मिनिटाला १ लिटर, रात्रीचे १२ तास, म्हणजे ७२० लिटर गटारात. बादलीत कूलरचा छोटा पंप टाकून तेच पाणी फिरवा. नळ्यांना क्लॅम्प हवाच. नळी सुटली तर बादली रिकामी होते आणि रिफ्लक्स (वाफ थंड होऊन परत येणारी उकळी) कोरडा पडतो. मे महिन्यात बादलीत बर्फ टाका, कारण ईथर ३५ अंशांनाच उकळतं.

वेस्टच्या कॅनमध्ये हॅलोजनयुक्त वेगळं, बाकीचं वेगळं, आणि कॅन तीन चतुर्थांशच भरायचा. नायट्रिक अ‍ॅसिड ऑरगॅनिक कॅनमध्ये कधीही नाही. सोडियम अ‍ॅझाइडच्या वर्कअपला डायक्लोरोमिथेन नको, स्फोटक डायअ‍ॅझिडोमिथेन बनू शकतं.

प्रत्येक रिअ‍ॅक्शनपुढे पीएमआयचा एक रकाना ठेवला, की सहा महिन्यांत पोस्टरचा मजकूर तयार होतो. इथे सोसायटी कामाला येते. भारतात सीआरएसआय (केमिकल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया) आहे, १९२४ पासूनची इंडियन केमिकल सोसायटी आहे. ब्रिटनच्या आरएससीचं आणि अमेरिकेच्या एसीएसचंही विद्यार्थी सदस्यत्व मिळतं. चारही घेऊ नका. गाइड आणि सीनियर ज्या सोसायटीच्या सभांना जातात ती एक घ्या, आणि परिषदेच्या नोंदणीआधी घ्या. सदस्यांना शुल्कात अनेकदा सवलत असते.

नुसत्या सदस्यत्वाचा बायोडेटात फारसा उपयोग नाही. काम मागा, तेही नेमकं: अ‍ॅबस्ट्रॅक्टची छाननी, पोस्टर सत्राची वेळ सांभाळणं, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळकरी मुलांसाठी मराठीतून प्रयोग. हळदीचा कागद आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी एवढ्यावर अर्धा तास रंगतो. पोस्टरपाशी प्रोसेस केमिस्ट आला तर यील्डच्या आधी आपला पीएमआय सांगा. ‘हा १०० ग्रॅमवर किती होईल?’ असं त्याने विचारलं, की खरं बोलणं सुरू होतं.

आठवड्याला दोन-तीन तासांपुढे जाऊ नका आणि गाइडला आधी सांगा. आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या) महिन्यात आणि सिनॉप्सिसच्या आधीचे सहा महिने कोणतंही पद नको. पद सोडताना मेलची यादी, खर्चाचा तक्ता आणि हॉल बुकिंगचे नमुने पुढच्या विद्यार्थ्याला द्या.