डेक वाकडा दिसतोय? पाना नंतर, आधी हवा

आमच्या ओहायोतल्या घरामागे अर्ध्या एकराची हिरवळ आहे आणि ती कापायला साठच्या दशकातला कब कॅडेट १२२, म्हणजे बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं ही मालिका १९६१ साली आणली आणि १९८१ साली हा धंदा विकून टाकला. कोलरचं बारा हॉर्सपॉवरचं एकसिलिंडरी बिडाचं इंजिन अजून ठणठणीत आहे. पोटाखाली बेचाळीस इंची डेक, म्हणजे गवत कापणाऱ्या पात्यांवरचं पत्र्याचं झाकण, त्यात तीन पाती.

मागच्या मे महिन्यात गवत पायऱ्या पायऱ्यांनी कापलं जाऊ लागलं. डावीकडे माती उघडी, उजवीकडे घोट्याएवढं रान. बायको म्हणाली, "पहिल्यांदा जावळ काढणाऱ्या न्हाव्यासारखं झालंय." मी अख्खा शनिवार डेकची पातळी जुळवणारे नट फिरवण्यात घालवला. रविवारी सकाळी कळलं, डाव्या मागच्या टायरमधून हळूहळू हवा जात होती. मग शनिवारी फिरवलेलं सगळं उलटं फिरवणं आलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे.

इंजिन बंद करून ते गार होऊ द्या, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला वळवून ठेवा आणि जाड हातमोजे घाला. पातं हातानं फिरवायचं आहे, त्यामुळे वायरीच्या बाबतीत आळस नको. गाडी उभी करायची जागा पाणसळ ठेवून तपासा. गॅरेजची फरशी सपाट वाटते, पण पाणी बाहेर जावं म्हणून तिला बहुधा दाराकडे उतार दिलेला असतो. माझ्याकडे चांगली जागा सापडली ती मागच्या भिंतीलगत आडवी. तिथे चारही चाकांच्या खुणा खडूनं करून ठेवल्यात. चारही टायरमध्ये गाडीच्या पुस्तकात दिलीय तेवढी हवा भरा. डेक नेहमीच्या कापायच्या उंचीवर आणा.

आता पाती. एक पातं आडवं करून टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. मग तेच पातं अर्धा फेरा फिरवून, त्याच जागी आलेलं दुसरं टोक मोजा. दोन्हींत एक सुतापेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा, जास्त फरक असेल तर पातं वाकलंय. ठोकून सरळ करू नका, नवीन घाला. नव्या पात्यानंही तोच फरक दाखवला, तर वाकलाय तो पातं ज्यावर फिरतं तो शाफ्ट. तो बदलल्याशिवाय पुढचं काही जुळणार नाही.

जुन्या गाडीचा खरा आजार असतो लटकणीत, म्हणजे डेक ज्या पिनांवर टांगलेला असतो तिथे. डेकची कड दोन्ही हातांनी धरून वर-खाली, पुढे-मागे हलवा. कुठे खटखट होतंय तिथे कान द्या. माझ्या डेकची एक पिन काढली तर मधोमध झिजून डमरू झालेली, आणि ज्या भोकात बसायची ते भोक लांबट, अंड्यासारखं. अशा भोकात नट कितीही नेमका बसवा, पहिल्या खड्ड्यात माप हललंच. मी भोक मोठं आणि गोल करून आत बुश, म्हणजे छोटी नळी, ठोकला, नवी पिन घातली, बाजूला एक वायसर दिला. सगळा खर्च पिझ्झ्यापेक्षा कमी.

एवढं झालं की मगच पाना. बाहेरची दोन्ही पाती आडवी ठेवून डावीकडचं आणि उजवीकडचं बाहेरचं टोक मोजा. फरक सुताच्या आत आणा. मग पाती गाडीच्या लांबीत फिरवा. पुढचं टोक मागच्यापेक्षा एक ते दोन सूत खाली हवं. तसं असलं की गवत पुढेच एकदा कापलं जातं. मागचं टोक खाली राहिलं तर तेच गवत दुसऱ्यांदा पात्यात येतं, इंजिन कण्हतं आणि शेंडे फाटून पिवळे पडतात. नट प्रत्येक मॉडेलला वेगळ्या जागी असतात, पण एका वेळी एकच, अर्धा आटा फिरवा. पुढचं हललं की आडवं मापही थोडं सरकतं, म्हणून पुन्हा मोजायचं. मी तीन चकरांत जुळवतो. शेवटी लॉकनट आवळा.

डेकची छोटी चाकं जमिनीपासून दोन-चार सूत वर ठेवा. उंचवट्यावर डेक रुतू नये एवढंच त्यांचं काम, डेकचा भार त्यांच्यावर टाकायचा नाही.

राहिला पाती फिरवणारा पट्टा. या गाडीत तो समोरच्या उभ्या पुलीवरून निघून दोन आयडलरवर, म्हणजे नुसत्या वळण देणाऱ्या पुल्यांवर, वळतो आणि आडव्या डेकवर येतो. डेक बाजूला सरकलेला असला तर पट्टा आयडलरच्या कडेला घासतो. पाच मिनिटं गाडी चालवा, बंद करा, वायर काढा आणि आयडलरखाली बोट फिरवून बघा. बोटाला काळी भुकटी लागली, तर डेक अजून एका बाजूला आहे.